स्तनाच्या कर्करोगाची तपासणी: कोणत्या वयात आणि किती वेळा?

"गाठ आहे हे माहीत होतं डॉक्टर, पण दुखत नव्हती म्हणून दाखवली नाही." दवाखान्यात हे वाक्य मी अनेकदा ऐकते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. त्यामुळे दुखण्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या हातून उपचाराचा सर्वांत सोपा काळ निघून जातो.

भारतातील स्त्रियांमध्ये आज हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा मृत्यू झाला. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षे आधी, म्हणजे पंचेचाळीस ते पन्नाशीच्या आसपासही बऱ्याच जणींना होतो.

स्क्रीनिंग म्हणजे काय?

कोणतीही तक्रार नसताना केलेली तपासणी म्हणजे स्क्रीनिंग. गाठ लागत असेल तर खालील वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. तेव्हा वय कितीही असो, लगेच डॉक्टरांना दाखवा.

कोणत्या वयात काय करावे?

ज्यांच्या जवळच्या नात्यात हा आजार नाही आणि ज्यांना विशेष धोका नाही, अशा स्त्रियांसाठी:

• २० ते २९ वर्षे: आपले स्तन एरवी कसे दिसतात व हाताला कसे लागतात, याची ओळख ठेवा. मॅमोग्राफीची गरज नाही.
• ३० ते ३९ वर्षे: डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिकेकडून हाताने तपासणी करून घ्या. शक्य असल्यास दर एक ते तीन वर्षांनी. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी ही तपासणी ठरवून दिली आहे, निदान ती चुकवू नका.
• ४० ते ४९ वर्षे: डॉक्टरांशी बोलून दर एक ते दोन वर्षांनी मॅमोग्राफी करता येते.
• ५० ते ७४ वर्षे: दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी. या वयात तिचा फायदा सर्वांत स्पष्ट आहे.
• ७५ नंतर: एकूण प्रकृती पाहून डॉक्टरांसोबत ठरवा.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे का?

अमेरिकेतील तज्ज्ञ गटाने २०२४ मध्ये ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवली. ब्रिटनमध्ये मात्र पन्नाशीपासून ७१ व्या वाढदिवसापर्यंत दर तीन वर्षांनी बोलावतात. तरुण वयात स्तनाची ऊती दाट असते. मॅमोग्राफीत दाट ऊतीही पांढरी दिसते आणि गाठही पांढरी, त्यामुळे काही गाठी निसटतात आणि काही वेळा उगाच शंका येते. फायदा आणि हा त्रास यांचा मेळ प्रत्येक देश आपल्या परीने घालतो.

गावात मॅमोग्राफीचे यंत्र नाही, मग?

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. त्यांतील निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंमध्ये अशी घट दिसली नाही. म्हणजे यंत्र नसले तरी जाणत्या हाताने केलेली तपासणी मोलाची आहे. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा.

धोका जास्त कोणाला?

• आई, बहीण किंवा मुलीला हा आजार झालेला असेल: त्यांच्या निदानाच्या वयाच्या साधारण दहा वर्षे आधी तपासणी सुरू करतात, पण सहसा तिशीच्या आत मॅमोग्राफी करत नाहीत. आईला ४५ व्या वर्षी झाला असेल, तर तुम्ही ३५ व्या वर्षी सुरुवात करा.
• बीआरसीए जनुकात दोष आढळला असेल: पंचविशी-तिशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफीही लागते.
• तरुण वयात छातीवर रेडिएशन घेतलेले असेल: लवकर तपासणीसाठी तज्ज्ञांना भेटा.

वडिलांकडच्या आत्या-आजीचा आजारही डॉक्टरांना सांगा. जनुकातला दोष वडिलांकडूनही येऊ शकतो.

तपासणीला जाताना

पाळी येत असेल तर ती सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास जा, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका. स्तन काही सेकंद दाबला जातो, थोडे दुखते. रेडिएशनचे प्रमाण अगदी कमी असते. जुने रिपोर्ट सोबत न्या.

पुन्हा बोलावले तर घाबरू नका. पुन्हा बोलावलेल्या बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो. सोनोग्राफी किंवा गरज पडल्यास बायोप्सी करून खात्री केली जाते. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, हा गैरसमज आहे. रक्ताची तपासणी किंवा थर्मोग्राफी हा मॅमोग्राफीला पर्याय नाही.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नका

• स्तनात किंवा काखेत नवी गाठ
• त्वचेवर खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा
• स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यावर जखम किंवा रक्तमिश्रित स्राव
• आकारात अचानक पडलेला फरक

अंगावर पाजणाऱ्या आईची गाठ "दूध साचलंय" म्हणून आठवडेच्या आठवडे सोडून देऊ नका. मागच्या वर्षीची मॅमोग्राफी चांगली होती म्हणूनही गप्प बसू नका, कारण दोन तपासण्यांच्या मधल्या काळातही गाठ येऊ शकते.

घरातल्या सगळ्यांच्या तब्येतीच्या तारखा तुम्हाला पाठ असतात. त्यांत तुमची स्वतःची एक तारीख आजच लिहून ठेवा, आणि वय चाळिशीपुढे असेल तर पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांकडे हा विषय तुम्हीच काढा.