बिबट्याचा शेजार : जुन्नर ते मुंबई

१/५
खारघरच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. तेथील तिवरांत सोनेरी कोल्हे आजही आढळतात. असा प्राणी इमारतींजवळ दिसला की ‘पकडून दूर सोडा’ ही मागणी होते. महाराष्ट्राने हा उपाय बिबट्यांवर करून पाहिला आहे.

२/५
जुन्नर परिसरात बिबटे उसाच्या फडांत राहत. २००१ पासून त्यांना मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अथ्रेया व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले.

३/५
पकडताना बसलेला धक्का आणि अनोळखी मुलूख यांमुळे प्राणी बिथरतो, असे संशोधकांचे अनुमान आहे.

४/५
मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती २००४ साली हल्ल्यांनी कळस गाठला. २०११ मध्ये वन विभागाने नागरिकांना सोबत घेऊन वेगळी वाट धरली : कचरा साठू देऊ नये, कारण कचऱ्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, अंधारात मुलांना एकटे सोडू नये, बिबट्या दिसल्यास गर्दी करू नये.

५/५
वारली समाज वाघोबाला पूर्वापार पूजत आला आहे. हा शेजार त्याने गृहीतच धरला होता. खारघरच्या कोल्ह्यांबाबतही प्रश्न तोच आहे : आधी हलवायचे काय, प्राणी की कचरा?