टाचणीच्या आधीचे टाचणे

आपण शिक्षक पाठाचे टाचण काढतो, कागदाला टाचणी लावतो. हे शब्द आले 'टाचणे' या क्रियेवरून, आणि टाचणे म्हणजे कच्चे टाके घालून कापड तात्पुरते जोडणे. हे काम दोऱ्याचे!

चिरनेरसारख्या कोकणातल्या गावी गोधडीत जुन्या लुगड्यांचे बरेच पदर असतात. काठाला गोट लावताना एवढ्या जाडीत टाचणी घातली, की ती वाकते आणि कापड फुगते. बोटाला टोचते ते वेगळेच. कच्चा टाका मात्र सपाट बसतो. पक्की शिवण झाली की दोरा ओढून काढायचा.

टाचणी स्वस्त झाली ती कारखान्यात. सुमारे १८ कामे वाटून घेऊन दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करू शकतात, असे अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली नोंदवले. वॉल्टर हंटने १८४९ मध्ये सेफ्टी पिनचे पेटंट घेतले. टोक झाकले गेले, भोक राहिलेच.

आता गोटासाठी प्लास्टिकचे चिमटे मिळतात. चिमटा भोसकत नाही, दाबतो. दाबामुळे घर्षण वाढते आणि पदर सरकत नाहीत. कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यानेही हे वर्गात दाखवता येईल. आम्हांला तो टाचणीपेक्षा बरा वाटतो, पण काठापुरताच. गोधडीच्या मध्यापर्यंत त्याचा जबडा पोचत नाही. तेथे कच्चा टाकाच घालावा लागतो.