तळटीप १४ : एम्परर

१४. एम्परर : ब्रिटनच्या हीथवर, म्हणजे हेदरच्या खुरट्या झुडपांनी व्यापलेल्या नापीक माळांवर, आढळणारा मोठा पतंग, शास्त्रीय नाव सॅटर्निया पॅव्होनिया (लिनियस, १७५८). या कुळातली ब्रिटनची ही एकमेव स्थानिक जात. भंडारा-गडचिरोलीकडचा टसरचा पतंग याचाच भाऊबंद.

लेखकाला भर दुपारी झपकन गेलेला दिसला तो नर असणार. एप्रिल-मेमध्ये नर उन्हात उडतात. मागचे पंख नारिंगी. मादी राखाडी आणि थोराड, पंखांचा पसारा ८ सेंटीमीटरपर्यंत. ती दिवसा झुडपावर बसून गंध सोडते आणि नर तो पिसांसारख्या शृंगिकांनी दुरून टिपतो. चारही पंखांवर डोळ्यासारखा एकेक ठिपका असतो. प्रौढ पतंग काहीच खात नाहीत. अळीपणी साठवलेल्या चरबीवर त्यांचे उरलेले थोडे दिवस निभतात.

मादी हेदरच्या काटकीभोवती झुबक्याने अंडी घालते. अळी आधी काळी, पुढे हिरवीगार होते. अंगावर काळे पट्टे, त्यांत पिवळे किंवा गुलाबी केसाळ फोड. एवढी नटवी असूनही हेदरमध्ये ती चटकन सापडत नाही. उन्हाळा सरताना ती तपकिरी कोश विणते. कारागिरी पाहावी ती त्याच्या तोंडाशी : ताठ धाग्यांचे कडे आतून रेटले की उघडते, बाहेरून मात्र शिरकाव होत नाही. हिवाळा कोशातच जातो, क्वचित दोन हिवाळे.

फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ फाब्र याच्या घरात रात्री घुसलेले प्रसिद्ध नर ते हे नव्हेत. ते सॅटर्निया पायराय, आकाराने याहून बरेच मोठे. — संपा.