प्लेग, पडदा आणि आपण: घरी बसून काय पाहावं?

एरवी या दिवसांत आपण सभागृहात भेटतो. २०२० मध्ये मात्र तुम्ही तुमच्या घरी होतात, आम्ही आमच्या. तेव्हा काही आठवडे बहुतेकांचा एकच प्रश्न येत होता, "घरी बसून काय पाहू?" दूरदर्शनने २८ मार्च २०२० पासून 'रामायण' पुन्हा लावलं, ते अनेकांनी पाहिलं. ॲपवर तर इतकं आहे की निवडण्यातच संध्याकाळ जाते. आम्ही इतिहासाची माणसं, तेव्हा आमची यादी इतिहासाच्या अंगाने जाणार. यादी छोटी आहे, चारच नावांची.

आधी दोन तारखा लक्षात ठेवू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. हिंदुस्थानातला सिनेमाचा हा पहिला खेळ. त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. म्हणजे सिनेमा आणि प्लेग एकाच वर्षी, एकाच पावसाळ्यात या शहरात आले. हा योगायोगच. पण पुढे या दोन गोष्टी एका माणसाच्या घरात एकत्र आल्या.

तो माणूस धुंडिराज गोविंद फाळके. तरुणपणी ते गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करत होते. तिथे प्लेगमध्ये त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना एकच ध्यास लागला. कुंडीत वाटाण्याचं रोप लावून, त्याची वाढ थोडी थोडी टिपून त्यांनी घरातच एक लघुपट केला. दादरचं घर म्हणजेच कारखाना झाला. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री अंधारात फिल्मला भोकंही पाडायच्या.

म्हणून यादीतलं पहिलं नाव परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९). हसत-खेळत जाणारा चित्रपट आहे, मुलांना घेऊन बघा. तो झाला की लगेच दुसरा पाहा, खुद्द 'राजा हरिश्चंद्र'. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये तो लोकांसाठी प्रदर्शित झाला. चार रिळांपैकी सगळी आज उरलेली नाहीत. जो भाग उरलाय तो १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीचा असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. पाहताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. १९१३ मध्ये हरिश्चंद्राच्या मुलाचं, रोहिदासाचं काम फाळक्यांच्या स्वतःच्या मुलाने, भालचंद्रने केलं होतं. साथीत एक मूल गमावलेला बाप दुसऱ्या मुलाला मृत्यूच्या प्रसंगात उभा करतो. हे नातं आम्ही जोडतोय, फाळक्यांनी ते कुठे सांगितलं असा आमचा दावा नाही. पण हे माहीत असलं की ती मूक दृश्यं वेगळी दिसतात.

तिसरं नाव '२२ जून १८९७'. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा १९७९ चा चित्रपट. पुण्यात प्लेग आला तेव्हा रँडच्या समितीने घरोघरी सोल्जर धाडले. माणसं शोधायची, उचलायची, सामान बाहेर काढायचं. आज आपण म्हणतो, घर म्हणजे सुरक्षित जागा. तेव्हा पुणेकरांना भीती वाटत होती ती दारावरच्या थापेची. त्यातून गणेशखिंडीतला गोळीबार झाला आणि चाफेकरांना फाशी झाली. टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आणि गंमत बघा, २०२० च्या मार्चमध्ये सरकारने जो साथरोग कायदा लागू केला, तो त्याच १८९७ सालचा आहे!

आता चौथं. त्याच पुण्यात, त्याच १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. डॉक्टर झालेला मुलगा यशवंत दवाखाना चालवत होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे आल्या, असं सांगतात. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. फुले दांपत्याचं काम समजून घ्यायला श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' या मालिकेतला महात्मा फुल्यांवरचा भाग पाहा. जोतीराव झालेत सदाशिव अमरापूरकर. मालिका १९८८ ची, त्रेपन्न भागांची. सगळी जमली नाही तरी एवढा एक भाग चुकवू नका.

हीच चार का, असं कुणी विचारेल. चाफेकर कर्मठ, सावित्रीबाई सुधारक, दोघांचं एकमेकांशी पटलंच नसतं. फाळके तर तिसऱ्याच वाटेचे. पण साथीत दार लावून आत बसणं त्या काळात फार थोड्यांना परवडत होतं, हे या सगळ्यांच्या कथांतून दिसतं. २०२० मध्येही तसंच होतं. आपण पंख्याखाली बसून पुढचा भाग लावत होतो तेव्हा महामार्गावरून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन गावाकडे चालत निघाली होती. बातम्यांत आपण ते पाहत होतो आणि चॅनेल बदलत होतो. पाहू नका असं आम्ही म्हणत नाही. करमणूक हवीच, नाहीतर घरात भांडणं होतील! पण चार संध्याकाळी तरी असं काही पाहा की ज्यातून घराबाहेरचा माणूस दिसेल.

एक व्यावहारिक सूचना. कोणता चित्रपट कुठल्या ॲपवर आहे, हे सारखं बदलत असतं, तेव्हा नाव टाकून शोधा. 'राजा हरिश्चंद्र' आणि 'भारत एक खोज' इंटरनेटवर फुकट सापडतात. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना सोबत घेऊन बसा. त्यांनी त्यांच्या आजीकडून प्लेगच्या गोष्टी ऐकल्या असतील, त्या लिहून ठेवा. पाचवी शिफारस म्हणाल तर तीच.

आता प्रश्न घेऊ या.