सीएचएम
सॉफ्टवेअरच्या मदतीची पाने, अनुक्रमणिका व शब्दसूची एकाच संकुचित फाइलमध्ये बांधणारे मायक्रोसॉफ्टचे स्वरूप. विंडोज ३.० (१९९०) सोबत आलेल्या विनहेल्पमध्ये (पहा : विनहेल्प) मजकूर आरटीएफमध्ये लिहून एचएलपी फाइल तयार होई, तिच्या जागी १९९७ मध्ये एचटीएमएलवर आधारित हे स्वरूप आले.

पाने व चित्रे एलझेडएक्स पद्धतीने संकुचित होतात (पहा : विदा-संकोचन). पाने पाहण्यास इंटरनेटची गरज नसते. प्रत्येक विषयाला क्रमांक देता येत असल्याने एफ-१ कळ दाबताच चालू खिडकीशी संबंधित पान उघडते. पानांत युनिकोड चालते. अनुक्रमणिका, शब्दसूची व शोध मात्र जुन्या संकेतपृष्ठांवर (ठरावीक लिप्यांपुरत्या अक्षर-तक्त्यांवर) अवलंबून असतात. देवनागरीसाठी विंडोजचे असे संकेतपृष्ठच नसल्याने मराठी मदतीसाठी सीएचएम गैरसोयीचे ठरते (पहा : युनिकोड).

२००५ मधील सुरक्षा-सुधारणांनंतर नेटवर्कवरील सीएचएम फाइलची पाने दिसण्यावर निर्बंध आले. त्यामुळे एकाच संगणकावरील विंडोज सॉफ्टवेअरला सीएचएम, सर्व्हरवरील किंवा अनेक प्रणालींवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला वेबपृष्ठे आणि छपाईसाठी पीडीएफ अशी निवड रूढ झाली. डिटा या एक्सएमएलवर आधारित लेखन-पद्धतीत एकाच मूळ मजकुरातून ही तिन्ही रूपे काढता येतात (पहा : एक्सएमएल).