मावळातील युद्धव्यवस्था (भोर–वेल्हे परिसर)

सतराव्या शतकात पुण्याच्या नैर्ऋत्येकडील खोऱ्यांतून माणसे, धान्य, महसूल आणि आसरा लढाईच्या कामी लावण्याची पद्धत. शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या राज्याचा हा गाभ्याचा मुलूख. ही व्यवस्था मुख्यतः देशमुखी वतने, सरकारी कोठारे आणि किल्ल्यांचे घेरे (पायथ्याभोवतीचा मुलूख) यांवर उभी होती. लढायांची वर्णने इतरत्र विपुल आहेत. येथे पुरवठा आणि रयत यांचा विचार केला आहे.

क्षेत्र : गुंजवणी, कानंदी, वेळवंडी आणि नीरा या नद्यांची खोरी. बारा मावळांच्या याद्यांत फरक आढळतो. मात्र रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरे आणि कानद खोरे ही नावे या परिसराशी निगडित आहेत. तोरणा व राजगड वेल्हे तालुक्यात, तर रोहिडा भोर तालुक्यात आहे. वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. भातशेती डोंगरउतारांच्या तळाशी, पाऊस मुसळधार आणि वाटा अवघड. त्यामुळे मोठ्या घोडदळापेक्षा पायदळाला हा मुलूख अनुकूल होता.

वतनदार : रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर आणि मोसे खोऱ्यात पासलकर हे देशमुख होते. महसूल गोळा करणे आणि बोलावणे येताच जमाव घेऊन हजर होणे ही दोन्ही कामे त्यांच्याकडे असल्याने एका देशमुखाचा कल बदलला की खोरेच्या खोरे फिरत असे. १६५९ मध्ये विजापूरचा सरदार अफजलखान महाराजांवर चालून निघाला तेव्हा आदिलशाहाने कान्होजी जेधे यांना खानाला मिळण्याचे फर्मान पाठवले (१६ जून १६५९). कान्होजी मुलांसह महाराजांकडे राहिले. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. पुढील वर्षी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जात असताना बांदलांच्या जमावाने पाठलाग करणाऱ्या शत्रूला खिंडीत रोखले. त्या जमावात हिरडस मावळाचे देशपांडे बाजीप्रभू होते. त्यानंतर दरबारातील पहिल्या पानाचा मान जेध्यांकडून बांदलांकडे गेला, अशी परंपरा आहे. महाराजांनी मावळ्यांसह रायरेश्वरावर घेतल्याचे सांगितल्या जाणाऱ्या स्वराज्याच्या शपथेचा तपशील आणि या भागाच्या वसाहतीतील जहागिरीचे कारभारी दादोजी कोंडदेव यांचा वाटा यांबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

वतनदारांच्या बळाला आवर घालण्याचाही प्रयत्न झाला. सभासदाच्या बखरीनुसार मिरासदारांचे (वतनदारांचे) हुडे (बुरूज) व कोट पाडले आणि त्यांचे हक्क रोख व धान्याच्या रूपात ठरवून दिले. ही योजना प्रत्येक खोऱ्यात सारखी राबली असे मानण्याचे कारण नाही.

महसूल व धान्य : सभासद सांगतो की, जमीन काठीने मोजून पिकाच्या पाच तक्षिमा (वाटे) कराव्यात; तीन रयतेला, दोन सरकारला. नव्याने येणाऱ्या कुणब्याला गुरे, बी आणि पोटाला धान्य-पैसा द्यावा व ऐवज पुढे दोन-चार वर्षांत, त्याच्या ऐपतीप्रमाणे परत घ्यावा. सैन्याला जहागिरीऐवजी खजिन्यातून पगार देण्याचे धोरण याच वसुलीवर चालले. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला ही बखरींची कथा लोकप्रिय आहे. तिला स्वतंत्र आधार दुबळा आहे.

पायदळाची उतरंड अशी : नऊ शिपायांवर एक नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी.

किल्ले : गडाचा कारभार हवालदार, सबनीस व सरनोबत मिळून पाहत; धान्य, दारूगोळा व इतर सामान कारखानिसाच्या ताब्यात असे. घेऱ्यातील मेटांवर रामोशी, महार, कोळी अशा समाजांतील लोक चौकी-पहारा करीत आणि त्या चाकरीबद्दल त्यांना जमिनी मिळत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावर आधी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबून राहू नये आणि उपयोगी झाडे लावून ती प्रसंगासाठी राखावीत असे सांगितले आहे. तोफांच्या आवाजाने झरे आटतात हे कारणही तेथे दिले आहे.

१६६२ चे पत्र : रयतेच्या व्यवस्थेबद्दलचा या भागातील एक तपशीलवार कागद म्हणजे महाराजांनी रोहिडखोऱ्याचे देशमुख सर्जेराव जेधे यांना पाठवलेले पत्र (२३ ऑक्टोबर १६६२). मोगल त्या भागावर चालून येत असल्याची बातमी जासूदांनी आणली होती. देशमुखाने रात्रीचा दिवस करून गावोगाव फिरावे, लेकरेबाळे घेऊन रयतेला घाटाखाली शत्रू पोचणार नाही अशा जागी न्यावे, असा हुकूम त्यात आहे. शेत राखायला जे मागे राहतील त्यांनी डोंगरावर अडचणीच्या जागी राहावे आणि गनीम दुरून दिसताच निघून जावे. हयगय झाली आणि मोगलांनी माणसे बंदी करून नेली, तर त्याचे पाप देशमुखाच्या माथी बसेल, असे स्पष्ट बजावले आहे.

या हुकमात स्थलांतर आणि शेती दोन्ही एकाच वेळी साधायची आहेत: माणसे हलवायची, पण पीक वाऱ्यावर सोडायचे नाही. अंमलबजावणीसाठी स्वतंत्र खाते नाही. सारा भार देशमुखावर टाकला आहे. महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र या हुकमाला पूरक आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण व दाणा आधीच संपवला तर शिपाई कुणब्यांच्या घरात शिरतील आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील, असा इशारा त्यात आहे.

१६६५ ची मोहीम : मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरला वेढा घालताना आपला सरदार दाऊदखान याला आसपासचा मुलूख उजाड करायला पाठवले. एप्रिलमध्ये रोहिड्याच्या परिसरातील सुमारे ५० गावे जाळल्याची नोंद मोगल पत्रव्यवहारात आहे. तेथून ही फौज राजगडाकडे वळली. रसद पुरवणारी गावेच या मोहिमेचे लक्ष्य होती. जूनमधील पुरंदरच्या तहाने २३ किल्ले मोगलांना दिले गेले, त्यांत रोहिडा होता. राजगड व तोरणा महाराजांकडे राहिले.

१६८९ नंतर : राजाराम महाराजांच्या काळात खजिना रिता झाल्यावर वतने व इनामे देऊन माणसे राखावी लागली. पगारी फौजेचे धोरण त्यामुळे सैल झाले. औरंगजेबाने १७०४ मध्ये राजगड व तोरणा घेतले; राजगड पुढे मराठ्यांनी परत मिळवला.

स्त्रिया : कबिले सुरक्षित स्थळी हलवल्याचे उल्लेख मिळतात.

उत्तरकाळ : राजारामकालीन सचिव शंकराजी नारायण यांच्या घराण्याकडे हा मुलूख राहिला आणि त्यातून पंतसचिवांचे भोर संस्थान आकाराला आले. ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले.