आधार आणि न्याय : सातारा-सांगलीतील ख्रिस्ती श्रद्धेचा हिशेब

दलितांच्या धर्मांतराचा इतिहास सांगताना आपण 1956 पासून मागे निघतो आणि 1935 च्या येवल्याशी थांबतो. त्याआधी गावकुसाबाहेरची जी माणसे ख्रिस्ताच्या नावाने एकत्र आली, त्यांची बोळवण दोन शब्दांत होते : 'पोटासाठी बाटलेले'. सवर्णांनी हे म्हणावे यात नवल नाही. आपणही तेच म्हणावे का, हे मात्र तपासले पाहिजे. संकटात माणूस कोणाचा हात धरतो, हे त्याच्यापुढे कोणकोणते हात आले होते यावरून ठरते.

सातारा जिल्ह्यात त्या काळी कोणते हात पुढे येत होते? 1901 सालचा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची या अटीवर. जवळ जेवण होते, पण पाणी कोणी देईना. म्हणून उपाशीच रात्र काढावी लागली.

याच लोहमार्गावर पुढे मिरज लागते. सांगली आणि मिरज ही तेव्हा पटवर्धनांची संस्थाने. आजचा सांगली जिल्हा 1949 मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. या मुलखात 1889 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस आले. 1894 मध्ये त्यांनी मिरजेला इस्पितळ उघडले, 1897 मध्ये वैद्यकीय शाळा काढली. 1900 च्या सुमारास कुष्ठरोग्यांची सोय झाली. पुढे क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडी वसली. 1962 साली मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांनी सुरुवातीचे धडे याच इस्पितळातील खाटांशी गिरवले.

आता मसूर आणि मिरज ही दोन ठिकाणे शेजारी ठेवून पाहा. एका ठिकाणी जात विचारून पाणी नाकारले गेले; दुसऱ्या ठिकाणी प्लेग, पटकी आणि दुष्काळाच्या त्या वर्षांत रोग विचारून हात लावला गेला. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याची नाडी कोणीतरी हातात धरली. हा स्पर्श औषधाइतकाच मोठा होता. प्रार्थना त्यानंतर आली, आणि म्हणूनच ती पोकळ वाटली नाही. शिवाय जो देव सांगितला गेला तो सुताराच्या घरी वाढलेला, धर्ममार्तंडांनी दोषी ठरवलेला आणि नगराच्या वेशीबाहेर मारला गेलेला होता. महारवाड्यातील वा मांगवाड्यातील माणसाला त्याची ओळख फार करून द्यावी लागली नसेल.

साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे 1849 पासून होते. याच साताऱ्यात कवी नारायण वामन टिळक यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तो खुला होता. परदेशी मिशनऱ्यांच्या वर्चस्वाखाली इथली मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहणार नाही, हे टिळकांना उमगले होते. त्यांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाचा आणि भजनाचा घाट दिला. 1919 मध्ये ते वारले. भजने मात्र राहिली. घरात मरण आले, पीक बुडाले, मुलगा दूर गेला, की ती गायली गेली. दुःखाला शब्द मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

पण दुःखाला शब्द मिळाला म्हणजे दुःखाच्या कारणाला जाब विचारला गेला, असे नाही. मिशनच्याच 'ज्ञानोदय' पत्राने 1855 मध्ये फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापला होता. मांग-महारांचे दुःख सांगताना तिने थेट देवाला प्रश्न केला होता. तो प्रश्न पुढे उपासनेत का विरला? बाबासाहेबांनी याचे उत्तर शोधले. 1938 च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्धाबरोबर ख्रिस्ताचाही मोठेपणा मानला आणि त्याच भाषणात बजावले, की हा समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला उभा राहिलेला नाही. आपल्या लेखनात त्यांनी कारणही मांडले : दुःखाचे मूळ स्वतःच्या पापात आहे असे शिकवले गेले, की समाजव्यवस्थेविरुद्ध उठण्याचे बळ उरत नाही. शिवाय जात चर्चच्या दाराशी थांबली नाही. ती बाकांपर्यंत पोचली.

आणि जिथे श्रद्धेचा हात पोचत नाही, तिथे राज्यसंस्थेची वही सुरू होते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना, 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला; दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुसाई खटल्यात म्हटले, की धर्मांतरानंतरही हीनता तितकीच तीव्र राहते हे सिद्ध करा. 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली. 2022 मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. शेजारचा माणूस आडनावावरून जात ओळखतो, सरकार धर्मावरून ती नाही म्हणते. मग दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असे दुभंगलेले जगणे कित्येकांच्या वाट्याला येते. माझ्यासारखे घरातले पहिले पदवीधर शिष्यवृत्तीच्या आधाराने शिकले. एका दाखल्याने काय मिळते आणि काय जाते, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

बौद्धांनी केंद्राच्या सवलतींसाठी 34 वर्षे वाट पाहिली. ती वाट ज्यांनी चालली, त्यांनी आज दलित ख्रिस्ती बांधवाला 'तुम्ही निघून गेलात' असे म्हणू नये. तो निघून गेला नव्हता. पाणी शोधत गेला होता. त्याच्या श्रद्धेने त्याला आजारात खाट, अक्षर आणि दुःखात गाणे दिले, हे मान्य केले पाहिजे. आणि ख्रिस्ती मंडळीनेही मान्य केले पाहिजे, की आधार हा न्यायाला पर्याय नव्हे. मुक्ता साळवेने प्रश्न विचारला तेव्हा ती श्रद्धा सोडत नव्हती. तो प्रश्न पुन्हा प्रार्थनेत यावा, आणि प्रार्थना संपल्यावर मोर्चातही यावा.